वनस्पती तेलापासून जिवाणूंकरवी जैवविघटनशील प्लास्टिक: तेलातल्या कार्बनचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी वनस्पती तेलावर जिवाणू वाढवून जैवविघटनशील प्लास्टिक तयार करायचे आहे. साखरेऐवजी तेल घेण्यात खरोखर फायदा आहे का, जिवाणू कोणता निवडावा, तळणीचे वापरलेले तेल चालेल का आणि तयार झालेले प्लास्टिक मातीत खरेच नाहीसे होते का, असे विचारले आहे. सोबत पहिल्या चाचणीचे आकडे दिले आहेत. दर लिटरला १० ग्रॅम सोयाबीन तेल घातलेल्या माध्यमात, शेकरवर वाढवलेल्या कुप्रिॲव्हिडस नेकेटर या जिवाणूच्या पेशींचे कोरडे वजन दर लिटरला १४ ग्रॅम भरले आणि त्यातला ८५ टक्के भाग क्लोरोफॉर्ममध्ये विरघळून निघालेला पॉलिमर होता.

तेल घेण्याचा निर्णय योग्य आहे आणि जिवाणूही योग्य आहे. मात्र दिलेले आकडे खरे असू शकत नाहीत, आणि ते का असू शकत नाहीत हे समजून घेतले तर या विषयातल्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी तेलातल्या कार्बनच्या हिशेबाला देणार आहे.

आधी आवश्यक तेवढी पार्श्वभूमी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मॉरिस लेम्वान यांनी १९२६ च्या सुमारास बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूच्या पेशींत पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे पीएचबी, हा पॉलिएस्टर असल्याचे दाखवले. पुढे याच कुळातले असंख्य पॉलिएस्टर सापडले आणि त्या सर्वांना मिळून पॉलिहायड्रॉक्सीअल्कानोएट किंवा पीएचए म्हटले जाते. कार्बन मुबलक आहे, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपत आला आहे, अशा स्थितीत जिवाणूला नव्या पेशी बनवता येत नाहीत. मग तो हाती आलेला कार्बन या पॉलिमरच्या कणांच्या रूपाने साठवून ठेवतो. तुमच्या जिवाणूत हे कण साधारण अर्धा मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे असतात आणि भरलेल्या पेशीत आठ ते बारा कण दिसतात. तीन एन्झाइमांची साखळी हे काम करते: पहिले एन्झाइम ॲसिटिल-कोए या दोन कार्बनचा तुकडा वाहणाऱ्या संयुगाच्या दोन रेणूंना जोडते, दुसरे त्या जोडीचे क्षपण करून, म्हणजे तिला इलेक्ट्रॉन देऊन, हायड्रॉक्सीब्युटिरिल-कोए बनवते आणि तिसरे, म्हणजे पीएचए सिंथेज, ते एकक वाढत्या साखळीला जोडत जाते.

तेलाचा फायदा या साखळीच्या आधीच ठरतो. ग्लुकोजच्या एका रेणूपासून, म्हणजे मोलच्या हिशेबाने १८० ग्रॅमपासून, ॲसिटिल-कोएचे दोन रेणू मिळतात; वाटेत दोन कार्बन अणू कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जातात. त्या दोन रेणूंपासून पीएचबीचे एक एकक, म्हणजे ८६ ग्रॅम, तयार होते. म्हणजे कागदावरची कमाल मर्यादा दर ग्रॅम ग्लुकोजमागे ०.४८ ग्रॅम आहे आणि प्रत्यक्षात ०.३ ते ०.४ ग्रॅम मिळाले तरी काम चांगले झाले असे समजतात. याउलट तेलातल्या ओलेइक आम्ल या मेदाम्लाचे २८२ ग्रॅम बीटा-ऑक्सिडेशनच्या, म्हणजे साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे करण्याच्या, मार्गाने गेले की ॲसिटिल-कोएचे नऊ रेणू मिळतात आणि एकही कार्बन वाया जात नाही. त्यातून साडेचार एकके, म्हणजे ३८७ ग्रॅम पीएचबी, होऊ शकते. दर ग्रॅम मेदाम्लामागे ही मर्यादा सुमारे १.३७ ग्रॅम येते. तेलापेक्षा पॉलिमरचे वजन जास्त कसे, असे वाटत असेल तर दोहोंतील घटकांकडे पाहावे: तेलात वजनाने ७७ टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि ११ टक्के ऑक्सिजन असतो, तर पीएचबीत ५६ टक्के कार्बन आणि ३७ टक्के ऑक्सिजन. कार्बन तेवढाच राहतो. वाढलेले वजन ऑक्सिजनचे असते.

ही कागदावरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात पेशींना स्वतःची वाढ करायची असते आणि श्वसनही करायचे असते. २००४ साली जपानमधील योशिहारू दोई यांच्या गटाने सोयाबीन तेलावर याच जिवाणूचे संवर्धन करून दर ग्रॅम तेलामागे ०.७२ ते ०.७६ ग्रॅम पीएचए मिळवल्याचे प्रसिद्ध केले. पेशींचे कोरडे वजन दर लिटरला ११८ ते १२६ ग्रॅम होते आणि त्यात ७२ ते ७६ टक्के पॉलिमर होता. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ॲन्थनी सिन्स्की यांच्या गटाने पाम तेलावर दर लिटरला १३९ ग्रॅम पेशी आणि त्यात ७४ टक्के पॉलिमर इथपर्यंत मजल मारली. हे आकडे नियंत्रित फर्मेंटरमधले आहेत आणि साखरेच्या दुपटीच्या घरातले आहेत. त्यामुळे तेल घ्यावे की साखर, या प्रश्नाचे उत्तर उत्पादनाच्या दृष्टीने स्पष्ट आहे. तुलनेसाठी साखरेवरचा संच लावणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कुप्रिॲव्हिडस नेकेटरचा मूळ एच१६ वाण ग्लुकोजवर वाढत नाही, त्याला फ्रुक्टोज किंवा ग्लुकोनेट द्यावे लागते. ग्लुकोजवर वाढ झाली नाही म्हणून तेल श्रेष्ठ ठरले, असा निष्कर्ष काढलेले अहवाल अधूनमधून दिसतात. त्यांना काही अर्थ नसतो.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. दर लिटरला १० ग्रॅम तेल दिले, म्हणजे ७.७ ग्रॅम कार्बन दिला. पेशी १४ ग्रॅम आणि त्यात ८५ टक्के पीएचबी, म्हणजे ११.९ ग्रॅम पीएचबी, त्यात ६.६ ग्रॅम कार्बन येतो. उरलेल्या २.१ ग्रॅम पेशीद्रव्यात साधारण निम्म्याच्या आत, म्हणजे १ ग्रॅम, कार्बन असतो. बेरीज ७.६ ग्रॅमच्या वर जाते. याचा अर्थ असा होतो की, जिवाणूंनी दोन-तीन दिवसांत जवळजवळ अजिबात कार्बन डायऑक्साइड सोडला नाही. ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूच्या बाबतीत हे अशक्य आहे. कार्बनच्या ताळेबंदात श्वसनाचा वाटा शून्य आला की दोष जिवाणूकडे नसतो, मोजमापाकडे असतो.

माझ्या मते इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली नमुना घेण्याची. तेलाच्या माध्यमात पॉलिमरने भरलेल्या पेशी आणि न वापरलेले तेल मिळून एक थर बनतो आणि शेकर थांबवताच तो वर येतो किंवा काचेला चिकटतो. अशा फ्लास्कमधून पिपेटने १० मिलिलिटर काढून त्यावरून दर लिटरचे गणित केले की आकडा कधी फुगतो, कधी आक्रसतो, आणि दोन्ही वेळा तो निरर्थक असतो. तेलावरच्या फ्लास्कमधून नमुना काढूच नये. जितक्या वेळा मोजायचे आहे तितके फ्लास्क सुरुवातीलाच वेगळे लावावेत, प्रत्येक वेळी तीन पूर्ण फ्लास्क संपवावेत आणि काचेला चिकटलेला भागही धुऊन मोजणीत घ्यावा. काम वाढते, पण दुसरा विश्वासार्ह मार्ग नाही.

दुसरी गोष्ट क्लोरोफॉर्मची. क्लोरोफॉर्म पीएचबी विरघळवते आणि तेलही विरघळवते. पेशी नुसत्या पाण्याने धुतल्या असतील तर त्यांना चिकटलेले तेल आधी कोरड्या वजनात मोजले जाते आणि नंतर पॉलिमर म्हणून. यावर उपाय सोपा आहे: सेंट्रिफ्यूजमध्ये बसलेल्या पेशी थंड पाणी आणि हेक्सेन यांच्या मिश्रणाने धुवाव्यात, वरचा हेक्सेनचा थर बाजूला काढून ठेवावा, पेशी पुन्हा पाण्याने धुवाव्यात आणि मगच वाळवाव्यात. बाजूला काढलेले हेक्सेन टाकून देऊ नये. ते उडवून मागे राहिलेले तेल तोलले की न वापरलेल्या तेलाचा आकडा मिळतो, आणि ताळेबंदाची ती बाजूही पूर्ण होते. पीएचबी हेक्सेनमध्ये विरघळत नाही. मात्र स्यूडोमोनस या दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंच्या लांब साखळीच्या एककांपासून बनलेल्या पॉलिमरला हेक्सेन लावताना सावध राहावे, कारण त्यातले काही पॉलिमर हेक्सेनमध्ये उतरतात.

पॉलिमरचे प्रमाण ठरवण्यासाठी विद्रावकात काढून तोलणे ही पद्धत अहवालात एकमेव ठेवू नये. गाढ सल्फ्युरिक आम्लात तापवून पीएचबीचे क्रोटोनिक आम्ल करायचे आणि २३५ नॅनोमीटरवर शोषण मोजायचे, ही जुनी पद्धत साखरेच्या माध्यमासाठी ठीक आहे. तेलात मात्र ऑक्सिडेशन झालेली असंतृप्त मेदाम्ले जवळपास त्याच तरंगलांबीवर प्रकाश शोषतात. सुदान ब्लॅक किंवा नाइल रेड यांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे तर केवळ प्राथमिक कामाचे आहे, कारण ही रंजके तेलाच्या थेंबांनाही तितक्याच आवडीने धरतात. विश्वासार्ह पद्धत गॅस क्रोमॅटोग्राफीची आहे. वाळलेल्या पेशी सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये क्लोरोफॉर्मसह १०० अंश सेल्सिअसला, घट्ट झाकणाच्या नळीत, दोन-अडीच तास तापवाव्यात; पॉलिमरची एकके मिथिल एस्टर होऊन बाहेर येतात. बेंझोइक आम्ल अंतर्गत मानक म्हणून घालावे. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की, उरलेल्या तेलातली सोळा आणि अठरा कार्बनची मेदाम्लेही मिथिल एस्टर होऊन त्याच आलेखात बऱ्याच उशिरा, वेगळ्या शिखरांच्या रूपाने दिसतात. ती शिखरे मोठी असतील तर धुणे अपुरे झाले, हे आपोआप कळते. हे सारे काम धूरकपाटातच करावे. क्लोरोफॉर्म आणि तप्त आम्ल यांचा संयोग हलगर्जीपणा खपवून घेत नाही.

ताळेबंदातले आणखी एक खाते बहुतेक जण विसरतात, ते ग्लिसरॉलचे. तेलात मेदाम्ले ग्लिसरॉलला जोडलेली असतात; ती मोकळी होताना तेलाच्या वजनाचा साधारण दहावा भाग ग्लिसरॉलच्या रूपाने सुटतो आणि एच१६ वाण ग्लिसरॉलवर फार संथ वाढतो. त्यामुळे प्रयोग संपला तेव्हा माध्यमात ग्लिसरॉल शिल्लक असू शकते. तेल पूर्ण संपले, असे लिहिण्याआधी ते मोजावे.

प्रत्यक्ष संवर्धनाबद्दल जे पुस्तकांत सहसा सापडत नाही, तेवढेच सांगतो. पहिली बाब निर्जंतुकीकरणाची. ऑटोक्लेव्हमधली वाफ जंतू मारते ती ओलाव्यामुळे. कोरड्या तेलाच्या बाटलीत हा ओलावा पोचत नाही आणि १२१ अंशांवर ठेवूनही काटक बीजाणू तगून राहू शकतात. म्हणून तेल स्वतंत्रपणे कोरड्या उष्णतेने, १६० अंशांवर किमान दोन तास ठेवून निर्जंतुक करावे किंवा पाण्याबरोबर इमल्शन करून ऑटोक्लेव्ह करावे. असंतृप्त तेले इतक्या उष्णतेला थोडी बिघडतात. तेव्हा दोहोंपैकी जी पद्धत घ्याल ती सर्व संचांना सारखी लावावी. एच१६ वाण जेंटामायसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही, त्यामुळे दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास जेंटामायसिन घालून प्रयोगशाळेत संसर्ग आटोक्यात ठेवता येतो.

दुसरी बाब सुरुवातीच्या संथपणाची. जिवाणू तेल जसेच्या तसे आत घेऊ शकत नाही. तो आधी लायपेझ बाहेर सोडतो, ते तेलाचे तुकडे करते आणि मोकळी झालेली मेदाम्ले पेशीत जातात. लायपेझ काम करते ते तेल आणि पाणी यांच्या सीमेवर, म्हणून थेंब जितके बारीक तितका सीमेचा विस्तार मोठा. सुरुवातीला थेंब मोठे आणि लायपेझ कमी असते; त्यामुळे पहिले काही तास, कधी दिवसभर, काहीच घडत नाही असे वाटते. एकदा मेदाम्ले सुटू लागली की ती स्वतःच साबणासारखी वागून उरलेल्या तेलाचे इमल्शन करतात आणि वेग एकदम वाढतो. बाभळीच्या जातीतल्या झाडांचा डिंक थोड्या प्रमाणात घालून हा प्रारंभीचा काळ कमी करता येतो, किंवा बीजसंवर्धनातच थोडे तेल घालून पेशींना लायपेझ तयार ठेवायला लावता येते. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण डिंक पुढे पॉलिमर शुद्ध करताना आडवा येतो.

नायट्रोजनचे गणित आधी करून ठेवावे. पॉलिमर वगळता उरलेल्या पेशीद्रव्यात साधारण १२ ते १४ टक्के नायट्रोजन असतो. दर लिटरला २ ग्रॅम असे पेशीद्रव्य हवे असेल तर पाव ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे सुमारे १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरते. त्याहून बरेच जास्त घातले की तेल पेशी वाढवण्यात जाते आणि पॉलिमर कमी होतो. फारच कमी घातले तर पॉलिमरची टक्केवारी देखणी येते, पण ती इतक्या थोड्या पेशींत असते की एकूण उत्पादन नगण्य राहते. टक्केवारीच्या मोहाने नायट्रोजन कमी करत जाणे ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. दर लिटरला किती ग्रॅम पॉलिमर आणि तो किती तासांत, हे आकडे टक्केवारीच्या आधी लिहावेत. उद्योगाच्या दृष्टीने दर लिटरला, दर तासाला १ ग्रॅमच्या आसपासचा वेग विचारात घेण्याजोगा मानला जातो.

या वेगाला जी गोष्ट अडवते ती बहुतेक वेळा तेल नसते, ऑक्सिजन असतो. तेल हे साखरेपेक्षा कितीतरी जास्त क्षपित, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी समृद्ध, द्रव्य आहे; त्याचे पॉलिमर होताना उरलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्याच गळ्यात घालावे लागतात. दर ग्रॅम तेलामागे पाऊण ग्रॅम पॉलिमर धरून हिशेब केला तर दर ग्रॅम पॉलिमरमागे दीड ते दोन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. दर तासाला १ ग्रॅमचा वेग राखायचा तर, ३० अंशांना हवेने संपृक्त झालेल्या पाण्यात दर लिटरला जो साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, तो सुमारे पंधरा सेकंदांत संपतो. शेकरवरच्या फ्लास्कला हे पेलत नाही. म्हणून फ्लास्कमध्ये त्याच्या क्षमतेच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतकेच माध्यम घ्यावे, आत खाचा असलेले फ्लास्क वापरावेत आणि फ्लास्कमधल्या निकालावरून तेलाबद्दल अंतिम मत देऊ नये. फर्मेंटरमध्ये गेल्यावर याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते: वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोल ऑक्सिजनमागे सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. लहान फर्मेंटरच्या भिंतींतून ती सहज निघून जाते, मोठ्या टाकीत मात्र थंडाव्याची सोय हीच उत्पादनाची मर्यादा ठरते.

जिवाणूच्या निवडीबाबत बोलायचे तर, पहिल्या प्रकल्पासाठी एच१६ सोडून दुसरे काही शोधण्याची गरज नाही. त्याच्यापासून तेलावर जवळपास शुद्ध पीएचबी मिळते, कारण मेदाम्ले ॲसिटिल-कोएपर्यंत चिरली जातात आणि त्याचे सिंथेज तीन ते पाच कार्बनच्या एककांपलीकडे फारसे स्वीकारत नाही. अडचण जिवाणूची नाही, पीएचबीची आहे. ते १७५ ते १८० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या थोडे वर गेले की साखळ्या तुटू लागतात, त्यामुळे साच्यात घालण्यासाठी तापमानाची फार अरुंद पट्टी उरते. शिवाय ते अतिशय स्फटिकमय असते आणि खोलीच्या तापमानालाही त्याचे स्फटिकीभवन चालूच राहते. क्लोरोफॉर्ममधून ओतलेली फिल्म पहिल्या दिवशी बऱ्यापैकी वाकते आणि काही आठवड्यांनी तडकते, ती याच कारणाने. म्हणून फिल्मची ताणचाचणी केली तर ती फिल्म किती दिवसांची होती हे लिहिल्याशिवाय आकड्याला किंमत नाही.

यावरचा चांगला उपाय जिवाणूच्या आतच करता येतो. साखळीत अधूनमधून सहा कार्बनचे एकक घातले की स्फटिकांची शिस्त मोडते, वितळबिंदू खाली येतो आणि पदार्थ तुटण्यापूर्वी ताणला जाऊ लागतो. जपानच्या कानेका कंपनीच्या संशोधकांना १९९१ मध्ये आपल्याच ताकासागो येथील कारखान्याच्या आवारातील मातीत असा पॉलिमर बनवणारा जिवाणू सापडला. तो तेलावर भरघोस वाढणारा नव्हता. म्हणून त्याच्या सिंथेजचे जनुक तेलावर भरघोस वाढणाऱ्या कुप्रिॲव्हिडसमध्ये घालण्यात आले. त्याच्या जोडीला बीटा-ऑक्सिडेशनच्या मधल्या टप्प्यावरचे सहा कार्बनचे मध्यवर्ती संयुग बाजूला ओढणारे एन्झाइमही लागते. इथे तेलाचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे दुर्लक्ष होते: ही मध्यवर्ती संयुगे तेलापासून आपोआप तयार होतात, साखरेपासून त्यांच्यासाठी वेगळा मार्ग बांधावा लागतो. कानेकाने २०१९ मध्ये वर्षाला ५,००० टन क्षमतेचा प्रकल्प वनस्पती तेलावर सुरू केला. तुमच्या संस्थेत जनुकीय बदल केलेले वाण हाताळण्याची परवानगी आणि सोय असेल तर दुसऱ्या टप्प्यात अशा वाणाचा विचार करावा.

स्यूडोमोनस कुळातले जिवाणू सहा ते चौदा कार्बनच्या एककांचे, रबरासारखे मऊ आणि कधीकधी चिकट पॉलिमर देतात. तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांचे दुहेरी बंध त्या पॉलिमरच्या बाजूच्या साखळ्यांत उतरतात आणि पुढे त्यांच्या आधारे साखळ्या एकमेकींत बांधता येतात, हे शास्त्र म्हणून फार सुंदर आहे. पण त्यांच्यातल्या अनेक वाणांना तेलाचे विघटन करता येत नाही, आधी साबणीकरण करून मेदाम्ले मोकळी करून द्यावी लागतात. उत्पादनही कमी असते. चिकटद्रव्ये किंवा लेप हा विषय असेल तर तिकडे वळावे, पिशव्या आणि डबे हा विषय असेल तर नको.

वापरलेल्या तळणीच्या तेलाचे उत्तर सावध होकाराचे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तेलावर ग्लुकोजच्या तोडीचे आणि ताज्या तेलापेक्षा जास्त पीएचबी मिळाले होते. हे अनपेक्षित नाही: तळताना काही तेलाचे आधीच विघटन होऊन मेदाम्ले मोकळी झालेली असतात आणि जिवाणूचे सुरुवातीचे काम हलके होते. पण तळताना तेलाचे रेणू एकमेकांत जुळून जड संयुगेही बनतात, ती जिवाणू खात नाही, आणि तीच शेवटी पॉलिमरमध्ये पिवळसर रंग आणि वास होऊन उरतात. शिवाय प्रत्येक वेळी आणलेले तेल वेगळे असते. तेव्हा संपूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढे तेल एकदाच मिळवावे, गाळावे, पाणी बसवून काढून टाकावे, एकजीव करून लहान बाटल्यांत थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे आणि सुरुवातीलाच त्याचे आम्लमूल्य, पेरॉक्साइडमूल्य व मेदाम्लांची घटना मोजून ठेवावी. ताज्या तेलाचा समांतर संच नसेल तर वापरलेल्या तेलाबद्दल काहीही म्हणता येणार नाही. अन्नासाठी लागणारे तेल प्लास्टिकसाठी वापरावे का, हा आक्षेप रास्त आहे; पाम तेलाबाबत जंगलतोडीचाही प्रश्न येतो. वापरलेल्या तेलाचे खरे महत्त्व या आक्षेपाच्या संदर्भात आहे, केवळ स्वस्ताईच्या नाही.

पॉलिमर पेशीतून बाहेर काढण्याच्या टप्प्यावर मात्र टक्केवारीला खरा अर्थ येतो. पेशीत ८० टक्के पॉलिमर असेल तर दर किलो पॉलिमरमागे पाव किलो नको असलेले पेशीद्रव्य काढावे लागते. ५० टक्के असेल तर पूर्ण एक किलो. संवर्धन संपताच पेशींसह माध्यम थोडा वेळ ६० ते ८० अंशांपर्यंत तापवावे, नाहीतर पेशीतलीच एन्झाइमे साठवलेला पॉलिमर मोडू लागतात. प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून, गाळून, थंड मिथेनॉलमध्ये साका पाडणे ही पद्धत सर्वांत शुद्ध पॉलिमर देते, पण मोठ्या प्रमाणावर ती कोणी वापरू नये. सोडियम हायपोक्लोराइट पेशी झटपट पचवते, मात्र पॉलिमरच्या साखळ्याही तोडते. ते वापरल्यास रेणुभार मोजणे अपरिहार्य आहे. कारखान्यांचा कल एन्झाइमे, अल्कली आणि पृष्ठसक्रिय द्रव्ये वापरून पाण्यातच पेशी विरघळवण्याकडे आहे. मलेशियाच्या युनिव्हर्सिटी सेन्स मलेशियामधील कुमार सुदेश यांच्या गटाने तर पॉलिमरने भरलेल्या पेशी पिठातल्या अळ्यांना खाऊ घातल्या: अळ्या प्रथिने पचवतात आणि पॉलिमरचे कण विष्ठेतून जवळपास स्वच्छ बाहेर पडतात. हसू यावे अशी कल्पना आहे, पण अतिशय विचारपूर्वक केलेले काम आहे.

तंत्र जमले म्हणजे व्यवसाय जमला असे नाही, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेतील डॅनिमर सायंटिफिक ही कंपनी कॅनोला तेलापासून पीएचए बनवत होती. मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकशी किमतीची स्पर्धा अजून अवघड आहे, त्यामुळे प्रकल्प अहवालात स्वस्ताईचे दावे टाळलेले बरे.

शेवटचा प्रश्न मातीत नाहीसे होण्याचा. पीएचबीचे विघटन करणारी एन्झाइमे बाहेर सोडणारे जिवाणू आणि बुरशी माती, कंपोस्ट आणि समुद्राचे पाणी या तिन्ही ठिकाणी आढळतात, आणि हा या कुळाचा मोठा गुण आहे. पॉलिलॅक्टिक आम्ल या दुसऱ्या जैवप्लास्टिकला मात्र लवकर विघटनासाठी साधारण ५८ अंशांचे औद्योगिक कंपोस्ट लागते. परंतु विघटन पृष्ठभागापासून आत सरकत जाते. पातळ फिल्म आणि जाड चमचा यांच्या कालावधीत त्यामुळे प्रचंड फरक पडतो, आणि थंडी, कोरडेपणा किंवा जिवाणूंची कमतरता असेल तर तोच पदार्थ दीर्घकाळ तसाच राहतो. ऑक्सिजन नसलेल्या कचराभूमीत खोल पुरलेल्या पीएचएपासून मिथेनही तयार होतो. युरोपातील ईएन १३४३२ या मानकानुसार कंपोस्टमध्ये सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटन व्हावे लागते आणि बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. पण ती औद्योगिक कंपोस्टची अट आहे, शेतातल्या मातीची किंवा समुद्राची नाही.

तुमच्या चाचणीत फिल्मचे घटलेले वजन हा एकच पुरावा ठेवू नये, कारण फिल्मचे बारीक तुकडे मातीत मिसळले तरी वजन घटलेलेच दिसते. बंद बाटलीत माती घेऊन बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड अल्कलीत पकडावा आणि अनुमापनाने मोजावा. एक ग्रॅम पीएचबीचे पूर्ण विघटन झाले तर सुमारे २.०५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळायला हवा. काही कार्बन जिवाणूंच्या वाढीत जात असल्याने प्रत्यक्षात तो याहून कमी भरतो. एका बाटलीत फक्त माती, दुसरीत मातीसह सेल्युलोजची पूड आणि तिसरीत पॉलिएथिलीनची फिल्म ठेवावी. सेल्युलोजच्या बाटलीत वायू निघाला नाही तर ती माती निष्क्रिय आहे असे समजून संपूर्ण संच बाद करावा. फिल्मची जाडी, मातीचे तापमान आणि ओलावा प्रत्येक नोंदीसोबत लिहावा, आणि चाचणीला घ्यायच्या फिल्ममधले उरलेले तेल आधी हेक्सेनने काढून टाकावे, नाहीतर पहिल्या आठवड्यात निघालेला वायू तेलाचा आहे की पॉलिमरचा, हे ठरवता येणार नाही.